नॅनोपोर चिपवर एकेक रेणू कसा मोजायचा: सुरुवात रिकाम्या छिद्रापासून

नॅनोपोरचं, म्हणजे काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्राचं, काम शिकायला आलेल्या प्रत्येकाला डीएनए कधी एकदा टाकतो असं झालेलं असतं. मी त्यांना आधी रिकाम्या छिद्रासमोर बसवते. मिठाच्या द्रावणात नुसतं छिद्र, रेणू एकही नाही. प्रवाहाची ती रेषा किती जाड आहे, किती वेळ सरळ राहते, व्होल्टेज बदललं की कुठे जाते, हे ज्याला ओळखता येतं त्यालाच पुढे रेणू ओळखता येतो. म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग नमुना टाकण्याच्या आधीच्या तयारीवर आहे. वेळही तिथेच जातो, आणि प्रयोग बिघडतो तोही बहुतेक वेळा तिथेच.

आधी कल्पना

दोन कप्पे, दोन्हीत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण, मध्ये एक पातळ पडदा आणि त्या पडद्यात काही नॅनोमीटर व्यासाचं एकच छिद्र. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड घालून १०० ते २०० मिलिव्होल्ट लावले की आयन छिद्रातून वाहू लागतात आणि काही नॅनोअँपिअर प्रवाह मिळतो. एखादा रेणू छिद्रात शिरला की तो आयनांची जागा अडवतो, प्रवाह खाली येतो. रेणू बाहेर पडला की पुन्हा वर जातो. रेषेतल्या या खड्ड्याची खोली रेणूच्या जाडीबद्दल सांगते, रुंदी त्याच्या लांबीबद्दल आणि वेगाबद्दल.

कण मोजायची ही पद्धत वॉलेस कूल्टर यांची. रक्तपेशी मोजण्यासाठी त्यांनी ती काढली आणि १९५३ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. रेणूंसाठी ती वापरता येते हे १९९६ मध्ये कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी दाखवलं. त्यांचं छिद्र म्हणजे अल्फा-हिमोलायसिन हे प्रथिन. त्याचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम १.४ नॅनोमीटर, त्यामुळे त्यातून डीएनएची एकच साखळी जाते, जोडसाखळी जात नाही.

बाजारातली नॅनोपोर सीक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणारी, यंत्रं आजही प्रथिनांचीच छिद्रं वापरतात, आणि डीएनएला सावकाश सरकवायला छिद्राच्या तोंडाशी एक विकर बसवलेलं असतं. आपल्या चिपवर, म्हणजे सिलिकॉन नायट्राइडच्या पडद्यातल्या छिद्रावर, डीएनएची अक्षरं वाचली जात नाहीत. ती अपेक्षा ठेवून आलात तर निराश व्हाल. या चिपवर रेणू मोजता येतात, त्यांची लांबी कळते, डीएनएवर प्रथिन चिकटलंय का आणि साधारण कुठे, तेही कळतं. शिवाय छिद्राचा आकार आपण ठरवतो. तीव्र क्षार, आम्ल, उष्णता यांतही पडदा टिकतो. अल्फा-हिमोलायसिनसारखी छिद्रं ज्यात बसवतात त्या लिपिडच्या, म्हणजे मेदरेणूंच्या, पडद्याला हे झेपत नाही.

चिप हातात घेताना

चिप म्हणजे सिलिकॉनचा काही मिलिमीटरचा तुकडा, जाडी बहुधा २०० ते ४०० मायक्रोमीटर. मधोमध काही दशक मायक्रोमीटर रुंदीची खिडकी, आणि त्या खिडकीत १० ते ३० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन नायट्राइडचा पडदा. मागच्या बाजूने सिलिकॉन पोटॅशियम हायड्रॉक्साइडने कोरून काढलेलं असतं. ते ५४.७ अंशांच्या उतारावर कोरलं जातं, म्हणून एका बाजूला सपाट पृष्ठभाग आणि दुसऱ्या बाजूला पिरॅमिडच्या आकाराचा खड्डा दिसतो. कोणती बाजू कोणत्या कप्प्याकडे आहे हे वहीत लिहून ठेवा. खड्ड्यात हवेचा बुडबुडा अडकतो, सपाट बाजूला सहसा नाही.

चिमटा फक्त कडेला लावायचा. बसवण्याआधी प्रत्येक चिप साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: खिडकीचा रंग एकसारखा दिसला तर पडदा शाबूत आहे, कुठे काळा तुकडा किंवा तिरकी रेघ दिसली तर ती चिप बाजूला ठेवा. आणि चिप देणाऱ्याकडून पडद्याची मोजलेली जाडी मागून घ्या. पाकिटावर छापलेल्या जाडीवर समाधान मानू नका, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

छिद्र पाडणं

पहिला मार्ग कणांच्या झोताचा. २००१ मध्ये हार्वर्डमधल्या गटाने आयनांच्या झोताने सिलिकॉन नायट्राइडमधलं छिद्र हव्या त्या आकाराला आणून दाखवलं. २००३ मध्ये डेल्फ्टच्या गटाने सिलिकॉन ऑक्साइडमध्ये तेच इलेक्ट्रॉनच्या झोताने केलं. आजही पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा झोत एका बिंदूवर रोखून छिद्र पाडतात. ते डोळ्यांना दिसतं, ही मोठी सोय. पण यंत्र महाग आणि त्यावर वेळ मिळणं कठीण.

दुसरा मार्ग २०१४ मध्ये ओटावाच्या गटाने मांडला, आणि ज्यांच्याकडे तसला सूक्ष्मदर्शक नाही त्यांच्यासाठी हे क्षेत्र खुलं झालं. पडदा क्षाराच्या द्रावणात बसवायचा आणि त्यावर दर नॅनोमीटरमागे एक व्होल्टच्या थोडं खाली पडेल इतकं व्होल्टेज लावायचं. पडद्यातून नॅनोअँपिअरमध्ये गळती सुरू होते. दोष साचत जातात, आणि एका क्षणी प्रवाह अचानक उसळतो. छिद्र पडलं. त्याच क्षणी व्होल्टेज तोडायला हवं. हे काम प्रोग्रॅमवर सोपवा. हाताने बटण दाबेपर्यंत छिद्र फार मोठं झालेलं असतं. मग कमी व्होल्टेजच्या लहान लहान झटक्यांनी ते हव्या त्या व्यासापर्यंत वाढवायचं आणि प्रत्येक झटक्यानंतर मोजायचं.

यासाठी वेगळा व्होल्टेज स्रोत लागतो, कारण प्रवाह मोजायला आपण वापरतो त्या पॅच-क्लॅम्पच्या अ‍ॅम्प्लिफायरची (अगदी लहान प्रवाह मोजणाऱ्या यंत्राची) झेप साधारण एका व्होल्टपर्यंतच. छिद्र पाडताना अ‍ॅम्प्लिफायरचा हेडस्टेज (इलेक्ट्रोड ज्याला जोडतात तो पुढचा भाग) सोडवून ठेवा. या पद्धतीत छिद्र पडद्यावर कुठे आहे ते कळत नाही, आणि कधीकधी एकाऐवजी दोन पडतात. दोन लहान छिद्रं मिळून एका मोठ्या छिद्राइतका प्रवाह देतात. मात्र त्यांतून डीएनए गेला की खड्डा अपेक्षेपेक्षा वेगळ्या खोलीचा येतो. पुढे गणित जुळलं नाही तर ही शक्यता आठवा.

धुणं आणि भिजवणं

कोरड्या चिपवर सूक्ष्मदर्शकातून हायड्रोकार्बनचा थर आलेला असतो आणि तिला पाणी नको असतं. दोन्ही बाजूंना अर्धा-एक मिनिट ऑक्सिजन प्लाझ्मा दिला तर बहुतेक वेळा पुरतं, आणि माझी पसंती त्यालाच. हट्टी घाण असेल तर पिरान्हा: तीन भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल, एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आम्ल आधी घ्यायचं आणि पेरॉक्साइड त्यात हळूहळू घालायचं, उलट नाही. मिश्रण आपोआप उकळण्याइतकं तापतं. भांडं काचेचंच हवं, त्यावर झाकण कधीही नाही, आणि त्या फ्यूम हूडमध्ये अ‍ॅसिटोन, अल्कोहोल यांची बाटली नसावी. चेहऱ्यावर ढाल, हातात जाड आम्लरोधक मोजे, आणि खोलीत दुसरं माणूस. यातलं एक जरी जमत नसेल तर प्लाझ्मावर भागवा.

धुतलेली चिप लगेच बसवा. दोन्ही कप्प्यांत आधी निम्मं इथेनॉल, निम्मं पाणी, काही मिनिटं. मग ते काढून बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण: १ मोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर ट्रिस, १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ८. बफर ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळलेला आणि निर्वातात ठेवून त्यातली हवा काढलेली असावा. चिपभोवती सिलिकॉन रबराची गॅस्केट (गळती रोखणारी चकती) अशी बसवा की द्रावणाचा स्पर्श शक्य तितक्या लहान भागाला होईल. त्याचं कारण नॉइजच्या, म्हणजे प्रवाहातल्या नको असलेल्या थरथरीच्या, भागात येईल.

इलेक्ट्रोड

चांदीची तार बारीक पॉलिश पेपरने घासा आणि ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा. तिच्यावर जांभळट-करडा सिल्व्हर क्लोराइडचा थर चढतो. दोन्ही तारा एकाच कपातल्या बफरमध्ये घालून त्यांच्यातला फरक मोजा: तो काही मिलिव्होल्ट असला तरी चालेल, पण स्थिर हवा. सरकत राहिला तर तारा पुन्हा घासून पुन्हा बुडवा. रेषा सतत एका दिशेने घसरते आहे म्हणून लोक छिद्राला दोष देतात, तेव्हा मी आधी इलेक्ट्रोड तपासायला सांगते.

रिकाम्या छिद्राची ओळख

आता व्होल्टेज उणे २०० पासून अधिक २०० मिलिव्होल्टपर्यंत ५० च्या पायऱ्यांनी न्या आणि प्रत्येक पायरीवरचा प्रवाह टिपा. आलेख शून्यातून जाणारी सरळ रेषा हवी. तिचा चढ म्हणजे छिद्राची वाहकता, आणि तिच्यावरून व्यास निघतो.

गणित सोपं आहे. छिद्राला दोन प्रकारचा रोध असतो. एक छिद्राच्या नळीचा: चार गुणिले लांबी, भागिले पाय गुणिले व्यासाचा वर्ग. दुसरा दोन्ही तोंडांपाशी आयनांना आत वळताना होणारा: एक भागिले व्यास. दोन्हींची बेरीज करा आणि द्रावणाच्या वाहकतेला तिने भागा. १ मोलर पोटॅशियम क्लोराइडची वाहकता २५ अंश सेल्सिअसला दर मीटरला साधारण ११ सीमेन्स. लांबी १० आणि व्यास ५ नॅनोमीटर धरला तर उत्तर येतं सुमारे १५.५ नॅनोसीमेन्स, म्हणजे २०० मिलिव्होल्टला ३.१ नॅनोअँपिअर.

लांबी म्हणजे पडद्याची जाडी असं मात्र सरसकट धरू नका. इलेक्ट्रॉनच्या झोताने पाडलेलं छिद्र मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद असतं, आणि त्याची परिणामी लांबी पडद्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ येते. वरच्या उदाहरणातले १० नॅनोमीटर ३० नॅनोमीटरच्या पडद्यातून येतात ते असे. बफरची वाहकताही स्वतः मोजा; तापमान एक अंशाने बदललं की ती दोनेक टक्क्यांनी बदलते.

मोजलेली वाहकता अपेक्षेच्या निम्मी किंवा त्याहून कमी आणि रेषा थरथरती असेल तर छिद्रात बुडबुडा आहे. पुन्हा इथेनॉल-पाणी, पुन्हा बफर. आलेख एका बाजूला वाकत असेल तर छिद्र अर्धवट भिजलेलं आहे, मळलेलं आहे किंवा त्याचा आकार दोन बाजूंना वेगळा आहे.

नॉइज कसा पाहायचा? वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती नॉइज आहे त्याचा आलेख, काढा. कमी वारंवारतेकडे रेषा खूप वर चढलेली असेल तर छिद्र अस्वच्छ आहे किंवा नीट भिजलेलं नाही. ५०, १००, १५० हर्ट्झला टोकं दिसत असतील तर भूसंपर्कन किंवा फॅराडे केज (बाहेरचे विद्युत अडथळे रोखणारी धातूची पेटी) बघा. केजमध्ये चार्जरवरचा लॅपटॉप नको. पेटीत उजेडही येऊ देऊ नका. सिलिकॉनला प्रकाश कळतो आणि त्याचा परिणाम प्रवाहात उतरतो. उच्च वारंवारतेकडची चढण चिपच्या धारकतेमुळे येते. द्रावणाला लागलेला भाग लहान ठेवला किंवा खिडकीच्या भोवती सिलिकॉन रबराचा लेप दिला की ती कमी होते. १० किलोहर्ट्झच्या फिल्टरला दहा-वीस पिकोअँपिअरचा नॉइज असेल तर कामाला लागा.

यानंतर २०० मिलिव्होल्ट लावून अर्धा तास नुसती नोंद करा. खड्डे येता कामा नयेत. मग नमुना ज्या बफरमध्ये आहे तोच, तेवढाच, पण रेणूविना टाका आणि पुन्हा नोंद करा. ही पायरी कुणालाच आवडत नाही. पण नमुन्याच्या नळीतून ग्लिसरॉल, डिटर्जंट, प्लास्टिकचे कण काहीही येऊ शकतं आणि त्यांचेही सुरेख खड्डे दिसतात.

नमुना आणि फिल्टर

पहिल्या प्रयोगाला एकाच लांबीचा, सरळ, दहा हजार बेसजोड्यांच्या (डीएनएची लांबी बेसजोड्यांत, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांत, मोजतात) आसपासचा डीएनए घ्या. लॅम्डा डीएनए सगळीकडे मिळतो, ४८,५०२ बेसजोड्यांचा, पण त्याची टोकं एकमेकांना चिकटतात आणि वेगवेगळ्या लांबीच्या माळा होतात. तो वापरायचाच असेल तर आधी ६५ अंशांना काही मिनिटं तापवून एकदम बर्फात ठेवा. पिपेटचं टोक रुंद कापलेलं हवं, नाहीतर लांब डीएनए ओढताना तुटतो. तीव्रता १ नॅनोमोलर पुरते. या तीव्रतेला एका घन मायक्रोमीटरमध्ये सरासरी ०.६ रेणू असतो, त्यामुळे दोन रेणू एकदम छिद्रात शिरायची भीती फारशी नाही. डीएनए ऋणभारित असतो, म्हणून तो ज्या कप्प्यात टाकला त्याच्या समोरच्या कप्प्यात धन इलेक्ट्रोड.

काय दिसायला हवं ते आधीच काढून ठेवा. जोडसाखळीचा व्यास २.२ नॅनोमीटर. ५ नॅनोमीटरच्या छिद्रात ती शिरली की उरलेली जागा ४.५ नॅनोमीटर व्यासाच्या छिद्राइतकी राहते. वरच्याच गणिताने २०० मिलिव्होल्टला सुमारे ०.५ नॅनोअँपिअरचा खड्डा, म्हणजे मूळ प्रवाहाच्या साधारण १७ टक्के. हा आकडा वहीत लिहा आणि मगच पिपेट उचला.

वेळेचं गणित जास्त कडक आहे. अशा छिद्रातून डीएनए एका बेसजोडीला काही दहा नॅनोसेकंद या वेगाने जातो. दहा हजार बेसजोड्यांना शे-दोनशे मायक्रोसेकंद लागतात. आता १० किलोहर्ट्झच्या फिल्टरला प्रतिसाद द्यायलाच ३३ मायक्रोसेकंद लागतात. ६०-७० मायक्रोसेकंदांपेक्षा छोटा खड्डा त्यात उथळ आणि पसरट दिसतो. तेव्हा हजार बेसजोड्यांचा तुकडा १० किलोहर्ट्झवर मोजून त्याच्या खोलीवरून निष्कर्ष काढणं चूक आहे. १०० किलोहर्ट्झला फिल्टर उघडला तर ही मर्यादा सात मायक्रोसेकंदांवर येते, पण नॉइजही वाढतो. दोन्हींतला समतोल तुमच्या रेणूवर ठरतो. नोंद करताना फिल्टर उघडाच ठेवा, नंतर संगणकावर गाळा. आधीच गाळून टाकलेलं परत मिळत नाही.

डीएनए सावकाश न्यायचा असेल तर पोटॅशियमऐवजी लिथियम क्लोराइड वापरा. लिथियम डीएनएला जास्त घट्ट चिकटतो आणि त्याचा भार कमी करतो; ४ मोलरला वेग १ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या तुलनेत सुमारे दहापट कमी होतो. वाहकता बदलते, तेव्हा रिकाम्या छिद्राची मापं पुन्हा घ्यायची.

खड्डा रेणूचाच आहे हे कसं ठरवायचं

माझ्या मते प्रयोगाचा गाभा हाच. स्क्रीनवर खड्डे दिसले की आनंद होतो, तो साहजिक आहे. पण पुढच्या कसोट्या होईपर्यंत त्यांना डीएनए म्हणू नका.

व्होल्टेजची दिशा उलटी करा. खड्डे थांबले पाहिजेत. व्होल्टेज १०० वरून १५०, २०० असं वाढवा: खड्डे त्याच प्रमाणात खोल आणि वेळेने आखूड व्हायला हवेत. व्होल्टेज वाढवल्यावर वेळ वाढत असेल तर रेणू पार जात नाही, तोंडाशी येऊन अडकतो आहे किंवा भिंतीला चिकटतो आहे. तीव्रता दुप्पट केली की दर मिनिटाचे खड्डे जवळपास दुप्पट व्हायला हवेत. आणि दोन खड्ड्यांमधल्या वेळांचा आलेख घातांकी उतरता हवा. रेणू एकमेकांशी संबंध न ठेवता येत असतील तर तो तसाच येतो. झुंडीने आलेले खड्डे कशाची तरी गुठळी सुटते आहे असं सांगतात.

सगळ्यात खात्रीची कसोटी लांबीची. तोच डीएनए रेस्ट्रिक्शन विकराने (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या विकराने) मधोमध तोडा, शुद्ध करा, टाका. खोली तीच राहून वेळ निम्म्याच्या आसपास आला, तर शंकेला फार जागा उरत नाही.

रुंद छिद्रात आणखी एक गोष्ट दिसेल. सुईच्या नेढ्यातून दोरा कधी टोकाने जातो, कधी मध्येच दुमडून, डीएनएचंही तसंच. दुमडून शिरला की सुरुवातीचा भाग दुप्पट खोल आणि नंतरचा एकेरी खोल, अशी पायरी उमटते. हे खड्डे फेकून देऊ नका. खोली गुणिले वेळ, म्हणजे खड्ड्याचं क्षेत्रफळ, हे दुमडलेल्या आणि सरळ अशा दोन्ही रेणूंना जवळपास सारखं येतं, कारण तेवढाच डीएनए गेला आहे. म्हणून मी लांबी ठरवायला नुसता वेळ न पाहता क्षेत्रफळाचा आलेख काढते. ५ नॅनोमीटरच्या छिद्रात दुमडलेले कमी, १० च्या छिद्रात भरपूर मिळतील.

खड्डे शोधणाऱ्या प्रोग्रॅमला उंबरठा नॉइजच्या पाच-सहा पट द्या, आणि मूळ रेषा ठरावीक न ठेवता सरकत्या सरासरीने घ्यायला सांगा. मूळ नोंद जशीच्या तशी जपा, आणि तिच्याबरोबर तापमान, वाहकता, फिल्टर, नमुने घेण्याचा दर हेही.

अडलं तर, आणि नंतर

छिद्र तुंबलं की प्रवाह एका खालच्या पातळीवर जाऊन बसतो. आधी व्होल्टेज उलटं करून काही सेकंद थांबा. नाही सुटलं तर क्षणभर एक व्होल्ट. अशा झटक्याने छिद्र वाढू शकतं, तेव्हा लगेच पुन्हा सरळ रेषेचा आलेख काढून नवा व्यास लिहा.

प्रथिनं यापेक्षा जास्त त्रास देतात: ती चिकटतात, आणि चिकटली नाहीत तर इतकी झटकन जातात की बहुतेक खड्डे फिल्टरमध्येच हरवतात. २०११ मध्ये मायकेल मायर यांच्या गटाने रेशीमपतंगाच्या स्पर्शिकांवरून सुचलेला लिपिडचा लेप छिद्राला दिला. प्रथिनं चिकटेनाशी झाली, आणि लिपिडला बांधून ठेवलेल्या प्रथिनांचा वेगही मंदावला. प्रथिनांकडे वळायचं असेल तर आधी डीएनएवर वरच्या सगळ्या कसोट्या जमवा, मग हा लेप शिका.

काम संपलं की दोन्ही कप्पे शुद्ध पाण्याने धुवा. क्षार सुकून पडद्यावर स्फटिक झाले तर ती चिप गेली. मी चिप निम्म्या इथेनॉल-पाण्यात बुडवून, हवा न शिरता, बंद ठेवते. पुढच्या वेळी पहिलं काम वाहकता मोजण्याचं, कारण सिलिकॉन नायट्राइड द्रावणात हळूहळू झिजतं आणि छिद्र थोडं मोठं झालेलं असतं. अर्धा नॅनोमीटर वाढलेलं छिद्र लांब डीएनएसाठी खुशाल वापरा, फक्त गणितात नवा व्यास घाला. लहान तुकड्यांसाठी आणि प्रथिनांसाठी नवी चिप घ्या.